भिंतीपाशी सरासरी, पलीकडे भोवरे

नळ थोडासा उघडला की पाण्याची धार काचेसारखी स्थिर पडते. आणखी उघडला की ती विस्कटते. या दुसऱ्या अवस्थेला प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून हे स्थित्यंतर दाखवले. वेग, आकारमान आणि द्रायूची श्यानता यांपासून मिळणारा रेनॉल्ड्स अंक ते ठरवतो.

प्रवाहाची नेव्हिए-स्टोक्स समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहेत. अडचण ती सोडवण्यात आहे. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान होतात आणि अखेर श्यानतेमुळे त्यांची ऊर्जा उष्णतेत जिरते. हे सारे भोवरे टिपायचे तर गणनेची जाळी अतिशय बारीक लागते. रेनॉल्ड्स अंक दहापट झाला की जाळीचे बिंदू सुमारे १७८ पट वाढतात.

यावर दोन तोडगे निघाले. पहिला रेनॉल्ड्स यांनीच १८९५ मध्ये सुचवला: प्रवाहाची सरासरी घ्यायची आणि भोवऱ्यांचा एकूण परिणाम प्रतिमानाने धरायचा. ही ‘रॅन्स’ पद्धत स्वस्त आहे आणि पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या प्रवाहात भरवशाची आहे. पण प्रवाह पृष्ठभाग सोडून मागे मोठे भोवरे टाकू लागला की ती फसते. दुसरा तोडगा ‘लेस’. जोसेफ स्मॅगोरिन्स्की यांनी १९६३ मध्ये हवामानाच्या गणितासाठी तिचा पाया घातला. तीत मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवतात आणि फक्त लहानांसाठी प्रतिमान वापरतात. मात्र भिंतीलगतच्या पातळ सीमास्तरात महत्त्वाचे भोवरेही इवलेसेच असतात, आणि तिथे हा खर्च आवाक्याबाहेर जातो.

संकरित पद्धत या दोन्हींत कामाची वाटणी करते. अमेरिकेतील बोईंग कंपनीतले फिलिप स्पालार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली ‘डिटॅच्ड एडी सिम्युलेशन’, म्हणजे ‘डीईएस’, हे तिचे सर्वांत परिचित रूप. स्पालार-ऑलमरस या रॅन्स प्रतिमानात भिंतीपासूनचे अंतर वापरले जाते. डीईएसमध्ये त्याऐवजी ते अंतर आणि जाळीतील घराच्या सर्वांत लांब बाजूची ०.६५ पट यांपैकी लहान संख्या घेतात. भिंतीजवळ अंतर लहान, म्हणून तिथे रॅन्स चालते. दूर गेल्यावर घराचे माप लहान ठरते, प्रतिमानाची कृत्रिम श्यानता घटते आणि भोवरे मोकळेपणाने उमटू लागतात. तिथे लेस सुरू होते. बदल एका ओळीचा, पण त्याने गणिताचा आवाका पालटला. विमान किंवा मोटारीभोवतीच्या प्रवाहासाठी स्पालार यांनी २००० मध्ये केलेल्या अंदाजानुसार सर्व भोवरे टिपायला एकावर सोळा शून्ये इतके बिंदू हवेत, लेसला ३० हजार कोटींहून अधिक, तर डीईएसला सुमारे १० कोटी.

या पद्धतीची नाजूक जागा म्हणजे दोन पद्धतींमधला सांधा. भिंतीलगतची जाळी भिंतीला समांतर दिशेने गरजेपेक्षा बारीक केली, तर सीमास्तराच्या आतच लेस सुरू होते. प्रतिमानाचा आधार कमी होतो, पण त्याची जागा घेणारे भोवरे तयार झालेले नसतात. मग भिंतीवरील घर्षण कमी मोजले जाते आणि प्रत्यक्षात चिकटून राहणारा प्रवाह गणितात सुटल्याचे दिसते. २००६ मधील सुधारित ‘डीडीईएस’ने सीमास्तर ओळखून त्याला संरक्षण दिले, २००८ मधील ‘आयडीडीईएस’ने भिंतीजवळचे भोवरेही काही अंशी सोडवण्याची सोय केली. क्षेत्राधारित पद्धतीत सांध्याची जागा अभियंता स्वतः आखून देतो.

विमानाच्या चाकांच्या सांगाड्याचा आवाज, अतितीव्र कोनात कलल्याने उचल गमावलेला पंख, मोटारीच्या मागची भोवऱ्यांची शेपटी ही या पद्धतींची खरी क्षेत्रे. त्यांना त्रिमितीय जाळी आणि काळानुसार चालणारे दीर्घ गणित लागते. प्रवाह चिकटलेलाच राहणार असेल तर साधी रॅन्स पुरते. तो मोठ्या प्रमाणावर सुटणार असेल तर संकरित पद्धत वापरावी. मात्र जाळी विणताना सांधा कुठे पडतो हे आधी तपासावे, कारण उत्तराची विश्वासार्हता तिथेच ठरते.