प्रेक्षकांचीं गाऱ्हाणीं : ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेचें उदाहरण

एखादी कादंबरी मनास उतरली नाहीं, तर वाचक ती मिटून ठेवतो व दुसरी हातीं घेतो. नाटक फसलें, तर प्रेक्षक चार शब्द बोलून घरीं जातो आणि तें विसरतो. परंतु जी कथा आठवड्यामागून आठवडा आणि वर्षामागून वर्ष घरांतच येत राहते, तिच्याशीं माणसाचें नातें निराळ्या प्रकारचें असतें. ती बिघडली असें वाटूं लागलें, तरी तिला सोडून देणें त्यास जमत नाहीं. तो पाहत राहतो आणि गाऱ्हाणें करीत राहतो. परदेशांत दूरचित्रवाणीवर ज्या दीर्घ विज्ञानमालिका चालल्या, त्यांच्या लेखकांना या गोष्टीचा अनुभव भरपूर आला आहे. हीं गाऱ्हाणीं कशीं उत्पन्न होतात, त्यांत तथ्य किती असतें आणि लेखकानें त्यांतील कोणतें मनावर घ्यावें, हें समजून घेण्यास बी. बी. सी.च्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेइतकें सोईचें उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं, शनिवारीं सायंकाळीं सुरू झाली. आदल्याच दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झालेला असल्यामुळें पहिल्या भागाकडे पुष्कळांचें लक्ष गेलें नाहीं, आणि पुढच्या शनिवारीं तो पुन्हां दाखवावा लागला. निर्मितीची जबाबदारी व्हेरिटी लॅम्बर्ट या तरुण स्त्रीकडे होती, आणि पहिल्या कथेचें दिग्दर्शन लखनौस जन्मलेले वारिस हुसेन यांनीं केलें होतें. कथेचा नायक ‘डॉक्टर’ एवढ्याच नांवानें ओळखला जातो. तो परग्रहावरचा प्रवासी; काळाच्या आणि अवकाशाच्या कोणत्याहि टोकास जाणारें त्याचें यान बाहेरून एका निळ्या पेटीसारखें दिसतें. लंडनच्या रस्त्यांवर पूर्वीं पोलिसांना ठाण्याशीं बोलण्यासाठीं तशा पेट्या असत. आंत पाऊल टाकल्यावर मात्र ती पेटी एखाद्या वाड्याहून प्रशस्त निघते. डॉक्टरचा भरंवसा शस्त्रावर नसतो. बुद्धि, कुतूहल आणि दुबळ्याची कड घेण्याची वृत्ति एवढेंच त्याचें भांडवल.

१९६६ सालीं ही भूमिका करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृति ढासळली. मालिका बंद करण्याऐवजीं तिच्या कर्त्यांनीं एक युक्ति काढली. डॉक्टर मरणाच्या दारीं पोंचला म्हणजे त्याचा देह पालटतो, आणि तो नव्या चेहऱ्यानें उठून उभा राहतो! अशा रीतीनें पॅट्रिक ट्राउटन हे दुसरे डॉक्टर झाले. या युक्तीनें मालिकेस दीर्घायुष्य दिलें. पण पुढील गाऱ्हाण्यांचें बीजहि तिच्याच पोटांत होतें. नट बदलतो, लेखक बदलतात, निर्माते बदलतात, आणि तरीहि नायक तोच असें प्रेक्षकांनीं मानावयाचें असतें. मग ‘तोच’ म्हणजे काय, हें ठरवावयाचें कोणीं? जो पहिल्यापासून हजर आहे त्यानें, असें प्रेक्षक म्हणूं लागला. आणि पहिल्यापासून हजर असा तोच एकटा होता.

पहिल्या प्रकारचें गाऱ्हाणें पूर्वकथेशीं होणाऱ्या विसंगतीचें. १९६९ सालच्या ‘द वॉर गेम्स’ या कथेंत डॉक्टरचे ज्ञातिबांधव, म्हणजे ‘टाइम लॉर्ड्स’ या नांवाचे कालाधिपति, प्रथमच सविस्तरपणें समोर आले. ते थंड, गंभीर आणि जवळजवळ सर्वशक्तिमान् असे दाखविले होते. सात वर्षांनंतर, १९७६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, रॉबर्ट होम्स या लेखकाची ‘द डेडली असॅसिन’ ही कथा आली. तिच्यांत हेच कालाधिपति कुरकुरणारे म्हातारे, पदांसाठीं कारस्थानें करणारे अधिकारी आणि गैरसोईचें सत्य दडपणारे राजकारणी म्हणून दिसले. त्याच वर्षीं मालिकेच्या चाहत्यांनीं आपली एक संस्था स्थापन केली होती. तिच्या अध्यक्षानें संस्थेच्या पत्रिकेंत या कथेवर कडक टीका केली. जें गूढ आणि भव्य होतें तें लेखकानें क्षुद्र करून टाकलें, असा तिचा मथितार्थ होता. बाहेरच्या जगांत याच कथेवर निराळा आक्षेप चालला होता. नायकाचें डोकें पाण्याखालीं दाबून धरलेलें असतांनाच एक भाग संपला. तें दृश्य मुलांना दाखविण्याजोगें नाहीं, अशी तक्रार मेरी व्हाइटहाउस यांनीं केली आणि बी. बी. सी.ला दिलगिरी व्यक्त करावी लागली. समाजनीतीच्या नांवानें आलेल्या तक्रारीस अशी दाद मिळाली. कथेच्या इतिहासाच्या नांवानें आलेली तक्रार पत्रिकेच्या पानांतच राहिली.

परंतु काळाची गंमत अशी की, होम्स यांच्या त्याच कथेंत जातां जातां एक नियम सांगितला होता. कालाधिपतीस बाराच वेळां देह पालटतां येतो. तेरावा देह हा शेवटचा. ज्या कथेनें परंपरा मोडली अशी ओरड झाली, तिचाच हा नियम पुढें परंपरेचा कणा होऊन बसला. चाहते नव्या नव्या डॉक्टरांचे चेहरे बोटांवर मोजूं लागले, आणि २५ डिसेंबर २०१३ रोजीं दाखविलेल्या कथेंत त्या वेळचे प्रमुख लेखक स्टीव्हन मॉफट यांना सर्व हिशेब जुळवून डॉक्टरला देहपालटांचें नवें आवर्तन मिळवून द्यावें लागलें. सदतीस वर्षांपूर्वीं सहज लिहिलेलें एक वाक्य इतकें बंधनकारक ठरलें! ‘द डेडली असॅसिन’ ही कथा तर आज मालिकेच्या उत्तम कथांत गणली जाते.

यावरून १९७६ चे टीकाकार अरसिक होते असें ठरत नाहीं. त्या काळीं जुने भाग घरीं पुन्हां पाहण्याची सोय नव्हती; या मालिकेची पहिली विकाऊ चित्रफीत १९८३ सालीं निघाली. लहानपणीं एकदां पाहिलेली कथा मनांत वाढत जाते, आणि वाढलेल्या त्या कथेशीं नव्या कथेची तुलना होते. ही तुलना कोणताच लेखक जिंकूं शकत नाहीं. म्हणून विसंगतीच्या गाऱ्हाण्यांत कथेच्या दोषाइतकाच प्रेक्षकाच्या हरवलेल्या बाळपणाचाहि वांटा असतो, हें ध्यानांत ठेवणें जरूर आहे.

दुसऱ्या प्रकारचें गाऱ्हाणें कथेच्या गुंफणीविषयीं असतें, आणि तें बहुधा खरें असतें. फेब्रुवारी १९८५ मध्यें मालिकेचें पुढील सत्र लांबणीवर टाकल्याचें जाहीर झालें. दीड वर्षाच्या खंडानंतर, सप्टेंबर १९८६ मध्यें, ती चौदा भागांची एक दीर्घ कथा घेऊन परतली. कालाधिपतींच्या न्यायालयांत डॉक्टरवर खटला चालतो, असा तिचा विषय होता. खरें पाहतां त्या वेळीं मालिकाहि आपल्या वरिष्ठांपुढें आरोपीच्या पिंजऱ्यांतच उभी होती. डिसेंबरांत शेवटचा भाग झाला आणि प्रेक्षकांनीं कपाळास हात लावला. आधींच्या भागांत घातलेल्या कोड्यांचीं उत्तरें घाईघाईनें, कळेल न कळेल अशा रीतीनें उरकलेलीं होतीं. लेखकांना लिहितां येत नाहीं, असा निकाल चाहत्यांनीं देऊन टाकला.

पडद्यामागें घडलें होतें तें असें. अखेरचे दोन भाग होम्स लिहिणार होते. परंतु मे १९८६ मध्यें ते वारले. तेव्हां संहिता-संपादक एरिक सॉवर्ड यांनीं शेवटचा भाग लिहून काढला. त्यांत डॉक्टर आणि त्याचा प्रतिपक्षी झुंजत झुंजत शून्यांत कोसळतात, आणि पुढें काय झालें तें सांगितलेलें नव्हतें. निर्माते जॉन नेथन-टर्नर यांस भय वाटलें कीं, असा शेवट केला तर वरिष्ठांना मालिका तेथेंच संपविण्यास आयतेंच निमित्त मिळेल. मतभेद विकोपास गेले. सॉवर्ड यांनीं पद सोडलें आणि आपली संहिताहि परत घेतली. मग पिप आणि जेन बेकर या लेखक-दांपत्यास पाचारण झालें. तेरावा भाग त्यांच्या हातीं ठेवण्यांत आला. चौदाव्यांत काय योजलें होतें, हें मात्र कायद्याच्या अडचणीमुळें त्यांना सांगतां येईना. कोडें घालणारा हयात नाहीं, उत्तर जाणणारा बोलावयास तयार नाहीं, आणि हातांत दिवस थोडे, अशा स्थितींत त्यांनीं शेवट लिहिला. प्रेक्षकांनीं दुखणें बरोबर ओळखलें होतें; त्याचें कारण मात्र त्यांना दिसणें शक्यच नव्हतें. बहुतेक गाऱ्हाण्यांची गोष्ट अशीच असते. मुलाला ताप आहे हें आईस हात लावतांच कळतें. तो कशाचा, हें सांगण्यास वैद्य लागतो.

या प्रसंगास पुढें एक विलक्षण उत्तरार्ध लाभला. शेवटचा भाग झाल्यावर बी. बी. सी.नें आपल्या ‘ओपन एअर’ या प्रेक्षकांच्या मतांस वाहिलेल्या कार्यक्रमांत कांहीं चाहत्यांना बोलाविलें. त्यांत चाहत्यांच्या संस्थेच्या लिव्हरपूलकडील शाखेचा एक सोळा वर्षांचा मुलगा होता. कथा ठरीव सांच्याची झाली आहे, पात्रें उगाच बोळांतून धांवतात, राक्षस हास्यास्पद आहेत, अशा आशयाचे खडे बोल त्यानें बेकर दांपत्यास ऐकविले. १९८९ सालीं मालिका बंद पडली. २००५ सालीं रसेल टी. डेव्हिस यांनीं ती पुन्हां उभी केली, त्यांच्यानंतर मॉफट आले, आणि २०१८ सालीं मालिकेचीं सूत्रें ज्यांच्या हातीं गेलीं, ते ख्रिस चिब्नॉल म्हणजेच १९८६ मधील तो मुलगा! हे तिघेहि लहानपणापासूनचे चाहते. गाऱ्हाणें करणाऱ्या पिढीच्याच हातीं लेखणी आली. आतां तरी गाऱ्हाणीं संपावयास हरकत नव्हती.

तीं संपलीं नाहींत. १ मार्च २०२० रोजीं चिब्नॉल यांची ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ ही कथा प्रसारित झाली. डॉक्टर मुळांत कालाधिपतींच्या कुळांतील नव्हेच. एका अज्ञात विश्वांतून आलेल्या त्या बालकापासूनच कालाधिपतींनीं देहपालटाची शक्ति मिळविली. पहिल्या डॉक्टरच्या पूर्वींहि त्याचे अनेक जन्म झाले होते, असें तिच्यांत उघड केलें गेलें. पुष्कळ चाहते संतापले. छप्पन्न वर्षांचा इतिहास एका सायंकाळीं उलटा केला, असें त्यांचें म्हणणें पडलें. वस्तुतः या कल्पनेचें मूळ जुनेंच होतें. जानेवारी १९७६ मधील ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’ या कथेंत डॉक्टरच्या ओळखीच्या चेहऱ्यांमागून आठ अनोळखी चेहरे पडद्यावर झळकले होते, आणि ते त्याचे पूर्वावतार असावेत, अशी तत्कालीन निर्माते फिलिप हिंचक्लिफ यांची कल्पना होती. त्या कथेचे संहिता-संपादक होते रॉबर्ट होम्स, आणि त्या आठ चेहऱ्यांत एक खुद्द त्यांचा होता. बारा देहपालटांचा नियम आणि त्या नियमास छेद देणारें सूचन, हीं दोन्हीं एकाच वर्षीं एकाच माणसाच्या देखरेखीखालून बाहेर पडलीं! ज्या इतिहासाचा कैवार चाहते घेत होते, तो मुळांतच असा दुमुखी होता. २०२३ सालीं डेव्हिस परत आले, त्यांनींहि हा नवा उगम पुसून टाकला नाहीं. त्याचाहि पुढेंमागें नियम होणार नाहीं, असें कोणीं सांगावें?

तिसऱ्या प्रकारचें गाऱ्हाणें मात्र याहून खोल आहे. तें नायकाच्या स्वभावाविषयीं असतें. २०१८ च्या सत्रांत जोडी व्हिटेकर या डॉक्टरच्या मुख्य भूमिकेंत येणाऱ्या पहिल्या स्त्री होत्या. त्या सत्रांतील ‘कर्ब्लॅम!’ ही कथा एका अवाढव्य व्यापारी वखारीची आहे. तेथें बहुतेक कामें यंत्रें करतात, आणि उरलेलीं थोडीं माणसें यंत्रांच्या पहाऱ्याखालीं राबतात. शेवटीं अपराधी निघतो तो यंत्रांच्या वर्चस्वाविरुद्ध घातकी कट रचणारा एक कामगार. आणि दोष व्यवस्थेचा नसून तिचा दुरुपयोग करणाऱ्यांचा आहे, असा निर्वाळा डॉक्टर देते. येथें कोणताहि जुना नियम मोडला नव्हता. तरीहि अनेक प्रेक्षकांना चुकल्यासारखें वाटलें. जिनें दुबळ्याची कड घ्यावयाची, ती बलवंताची वकिली करीत आहे, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें.

त्याच सत्रांत विनय पटेल यांची ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ ही कथा होती. १९४७ च्या फाळणीच्या दिवसांत, नव्या सरहद्दीजवळच्या एका गांवीं, एका हिंदू तरुणाचें मुसलमान तरुणीशीं लग्न लागतें, आणि तो जमावाच्या हातून मारला जातो. डॉक्टरला तो मृत्यु टाळतां येत नाहीं. टाळला तर तिच्याबरोबर आलेल्या त्या तरुणीच्या नातीचें अस्तित्वच पुसलें जाईल. ज्या परग्रहवासीयांना मारेकरी समजलें होतें, ते एकाकी मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणाचे साक्षी निघतात. येथेंहि डॉक्टर अन्याय थांबवीत नाहीं. परंतु तिची मान दुःखानें खालीं गेलेली असते, आणि प्रेक्षकांना त्यांत त्यांचा डॉक्टर ओळखूं आला. पुष्कळांनीं ही कथा त्या सत्रांतील उत्तम कथांत गणली.

या सर्वांवरून दीर्घ कथेच्या लेखकास एक तारतम्य सांपडतें. पूर्वकथेंतील तपशिलाविषयींचीं गाऱ्हाणीं त्यानें ऐकावीं, पण त्यांचा बंदा होऊं नये. कारण आजची विसंगति हीच उद्यांची परंपरा होते. गुंफणीविषयींचें गाऱ्हाणें त्यानें दुखण्याची खूण म्हणून मानावें, आणि औषध स्वतः शोधावें. परंतु नायक आपल्या स्वभावास मुकला असें जेव्हां प्रेक्षक म्हणतात, तेव्हां मात्र त्यानें लेखणी खालीं ठेवून विचार करावा. चेहरा, नट, कुळ आणि इतिहास हीं सर्व या मालिकेंत पालटलीं, आणि प्रत्येक वेळीं कुरकुर करीत का होईना, प्रेक्षक तिच्याबरोबर राहिले. कारण त्या सर्वांखालीं एक वृत्ति कायम आहे असा त्यांना भरंवसा होता. त्या भरंवशाची राखण हीच लेखकाची खरी जबाबदारी. आणि गाऱ्हाणें करणाऱ्यांनींहि एवढें आठवावें कीं, पडद्यामागें कधीं कधीं कोणी वारलेलें असतें, कोणी रुसून गेलेलें असतें, आणि कोणीतरी थोड्या दिवसांत दुसऱ्याची गोष्ट पुरी करीत बसलेलें असतें.