पुंगोलचं ऊन आणि मुलांच्या चष्म्याचा नंबर

तुम्ही सिंगापुरात राहत असाल आणि घरात पहिली-दुसरीतलं मूल असेल, तर शाळेतल्या दृष्टी तपासणीनंतर एक चिठ्ठी घरी येण्याची शक्यता बरीच आहे. ‘पुढील तपासणी करून घ्यावी’ एवढाच तिचा मजकूर असतो. ती आली की त्याच संध्याकाळी भारतात फोन जातो आणि उपाय यायला सुरुवात होते. गाजराचा रस द्या, डोळ्यांत गुलाबपाणी घाला, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, सकाळी दवावरून अनवाणी चालवा, आणि काहीही झालं तरी इतक्यात चष्मा लावू नका, एकदा लावला की नंबर वाढतच जातो.

आजी-आजोबांची काळजी खरी असते. त्यांच्या उपायांकडे मी कुत्सितपणे बघणार नाही, कारण त्यातला एक उपाय, थोडा वेगळ्या कारणासाठी, खरंच कामाचा आहे. पण आधी दुखणं काय आहे ते पाहू.

सिंगापुरात प्राथमिक शाळेची सहावी संपेपर्यंत सुमारे ६५ टक्के मुलांना मायनस नंबर लागलेला असतो. तरुणांमध्ये हे प्रमाण सुमारे ८३ टक्के आहे. ‘ते चिनी लोकांचं असतं, आपलं नाही’ असं समजू नका. लष्करी सेवेसाठी भरती होणाऱ्या पंधरा हजारांवर सिंगापुरी तरुणांची तपासणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात चिनी मुलांमध्ये ८२.२ टक्के, तर भारतीय वंशाच्या मुलांमध्ये ६८.७ टक्के निकटदृष्टिता, म्हणजे मायोपिया, आढळली होती. दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. इथल्या चाळिशीपुढच्या भारतीयांच्या पाहणीत भारतातून स्थलांतर करून आलेल्या पहिल्या पिढीत मायनस नंबरचं प्रमाण २३.४ टक्के होतं आणि इथेच जन्मलेल्या पुढच्या पिढ्यांत ३०.२ टक्के. वंश तोच होता आणि जेवणही बहुतेक तेच. बदललं होतं ते बालपण.

आता मायनस नंबर म्हणजे डोळ्यात नेमकं काय होतं? जन्माच्या वेळी आपला डोळा पुढून मागे साधारण १६-१७ मिलिमीटर लांब असतो. वाढत वाढत तो २३-२४ मिलिमीटरपर्यंत जातो आणि थांबतो. काही मुलांमध्ये तो थांबत नाही. डोळा गरजेपेक्षा लांब झाला की प्रतिमा दृष्टिपटलावर, म्हणजे रेटिनावर, न पडता त्याच्या पुढेच तयार होते आणि लांबचं धूसर दिसतं. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे सुमारे अडीच ते तीन नंबर. पडद्याची जागाच मागे सरकल्यासारखं आहे हे. आणि वाढलेली उंची जशी कमी होत नाही, तसा लांब झालेला डोळा पुन्हा आखूड होत नाही.

एवढं लक्षात आलं की घरगुती उपायांची पारख आपोआप होते. ज्या उपायाचा डोळ्याच्या लांबीशी संबंध नाही, तो चष्मा घालवू शकत नाही.

गाजरापासून सुरुवात करू. दृष्टिपटलावर अंधूक प्रकाशात पाहण्यासाठी लागणारं रंगद्रव्य बनवायला ‘अ’ जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो आणि फारच कमी पडलं तर डोळा कायमचा जातो. भारतात लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला तो याचसाठी. आपल्या आजीच्या पिढीने असे डोळे गेलेले पाहिले आहेत, म्हणून गाजर, शेवग्याचा पाला, पिकलेला आंबा यांचा आग्रह. तो आग्रह त्या काळी अगदी योग्य होता. पण पुंगोलमध्ये दूध, अंडी, भाज्या खाणाऱ्या मुलाला हे जीवनसत्त्व पुरेसं मिळतंच, आणि जास्तीचं गाजर डोळ्याची लांबी कमी करत नाही. (गाजराची जगभरची ख्याती मोठी गमतीदार आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपले वैमानिक गाजरं खाऊन रात्री विमानं टिपतात असा प्रचार केला. खरं कारण विमानात बसवलेलं रडार होतं.)

डोळ्यांत काही घालण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. गुलाबपाणी, मध, एरंडेल, घरी गाळलेलं त्रिफळ्याचं पाणी यांपैकी काहीही निर्जंतुक नसतं. बुबुळावर जंतुसंसर्ग झाला तर उरलेला पांढरा डाग आयुष्यभर नजर अडवतो. सुरमा आणि बाजारातल्या काही काजळांत शिसं असतं, कारण पारंपरिक सुरम्याचा मुख्य घटकच शिशाचं खनिज आहे. मूल डोळा चोळतं, बोट तोंडात घालतं आणि शिसं पोटात जातं. बाळाला तीट लावायची असेल तर गालावर लावा, डोळ्यात नको.

डोळ्यांचे व्यायाम, तळहात चोळून डोळ्यांवर ठेवणं, त्राटक हे सगळं निरुपद्रवी आहे. थकलेल्या डोळ्यांना बरंही वाटतं. पण नंबरासाठी त्याचा किती उपयोग होतो ते पाहायचं असेल तर चीनकडे बघा. तिथल्या शाळांत १९६३ पासून मुलांकडून डोळ्यांचे व्यायाम करून घेतले जातात, आणि तरीही मायोपियात तो देश जगात पुढच्या रांगेत आहे. उगवत्या सूर्याकडे टक लावून पाहण्याचा जो सल्ला फिरतो, तो मात्र निरुपद्रवी नाही. त्याने दृष्टिपटल कायमचं भाजू शकतं.

मग उरलं दवावरून अनवाणी चालणं.

२००८ साली सिडनी आणि सिंगापूर इथल्या सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना मायनस नंबर होता, सिडनीत फक्त ३.३ टक्के मुलांना. आई-वडिलांचे चष्मे दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. वाचनाचा फरक असेल म्हणावं, तर सिडनीची मुलं उलट आठवड्याला जास्त पुस्तकं वाचत होती. ठळक फरक एकच निघाला. सिडनीची मुलं आठवड्यात १३.७५ तास घराबाहेर असत आणि सिंगापूरची ३.०५ तास. म्हणजे दिवसाला अर्धा तासही नाही.

एका तुलनेवरून निष्कर्ष काढू नये हे खरं. म्हणून चीनमधल्या ग्वांगझू शहरात मुद्दाम प्रयोग झाला. काही शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर पाठवलं, बाकी शाळा नेहमीसारख्या चालल्या. तीन वर्षांनी बाहेर जाणाऱ्यांपैकी ३०.४ टक्के मुलांना नव्याने नंबर लागला होता आणि इतरांपैकी ३९.५ टक्के मुलांना. हा फरक जादूचा नाही. पण रोज ४० मिनिटांच्या मोकळ्या हवेने शंभरातली नऊ मुलं वाचत असतील, तर असं औषध बाटलीत भरून मिळालं असतं तर आपण रांगा लावल्या असत्या.

बाहेर असतं तरी काय? मुख्यतः उजेड. आपल्या दिवाणखान्यात रात्री दिवे लावून साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो, चांगल्या वर्गात ३०० ते ५००. बाहेर ढगाळ दिवशीही तो कित्येक हजारांत असतो आणि उन्हात लाखाच्या आसपास जातो. आपली नजर इतकी पटकन जुळवून घेते की हा फरक आपल्याला जाणवतच नाही. कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत डोळ्यांवर धूसर झाकण लावल्यावर डोळे लांब वाढतात, पण त्याच पिल्लांना रोज काही तास प्रखर उजेडात ठेवलं तर ती वाढ बरीच रोखली जाते. दृष्टिपटलातल्या डोपामीनचा परिणाम औषधाने बंद केला की उजेडाचा फायदाही नाहीसा होतो. म्हणजे उजेडाने दृष्टिपटलात डोपामीन स्रवतं आणि ते डोळ्याला ‘आता पुरे’ असं सांगतं, असं आजचं चित्र आहे. डेन्मार्कमधल्या मुलांमध्येही दिवस मोठे असतात त्या महिन्यांत डोळ्याची वाढ मंद आणि काळोख्या महिन्यांत वेगवान आढळली. लंडन किंवा स्टॉकहोममध्ये राहणाऱ्या वाचकांनी याची नोंद घ्यावी.

तर दवात काही नाही. पण दवासाठी माणूस दाराबाहेर पडतो, ते कामाचं आहे. फक्त हा उपाय वाढत्या वयाच्या डोळ्यांचा आहे. चाळिशीतल्या बाबांनी रोज हिरवळीवर चाललं तर त्यांचं पोट कमी होईल, नंबर नाही.

पुंगोलमध्ये राहणाऱ्यांना या बाबतीत घड्याळाने एक देणगी दिली आहे. सिंगापूर नकाशात जिथे आहे त्या मानाने इथलं घड्याळ तासाभराने पुढे चालतं. १९८२ पासून आपण ग्रिनिचच्या आठ तास पुढची वेळ पाळतो. त्यामुळे बाराही महिने सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. संध्याकाळी पाच ते पावणेसात हा वेळ रोज हाताशी असतो, उन्हाचा चटका उतरलेला आणि उजेड भरपूर. याच वेळात आपण ट्यूशन, अबॅकस आणि ऑनलाइन मराठी वर्ग बसवलेले असतात. ते रात्री साडेसातला ढकलता येतात का, एवढाच प्रश्न आहे. उजेड ढकलता येत नाही.

तज्ज्ञ दिवसाला सुमारे दोन तास सांगतात. ते सलग असायची गरज नाही, खेळलंच पाहिजे असंही नाही. ४.२ किलोमीटरच्या पुंगोल वॉटरवेच्या काठाने चालत वाचनालयात जाणं, शनिवारी कोनी आयलंडवर सायकल, जेट्टीवर बसून मासे पकडणाऱ्यांकडे बघत शेंगदाणे खाणं, सगळं यात जमा होतं. टोपी घाला, झाडाच्या सावलीत बसा. सिंगापुरातच उजेड मोजून पाहिला तेव्हा टोपी आणि गॉगल लावूनही डोळ्यापर्यंत घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड पोचत होता. ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकमध्ये मात्र छत असतं, तिथे उजेड बेताचाच. चार पावलं पुढे मैदानात पाठवा. वॉटरवे पॉइंट मॉलमध्ये घालवलेली संध्याकाळ बाहेर गेल्यात धरू नका, डोळ्याच्या हिशोबात मॉल म्हणजे घरच.

एक मर्यादा सांगायला हवी. उजेडाचा उपयोग नंबर लागण्याआधी जास्त होतो. लागलेला नंबर वाढण्याचा वेग त्याने तितकासा कमी होत नाही. म्हणून बालवाडीपासूनची वर्षं मोलाची. नंबर लागलाच, तर पुढचा मार्ग डॉक्टरकडून जातो, आणि तिथे सिंगापूरचंच काम जगभर वापरलं जातं. इथल्या नेत्रतज्ज्ञांनी ४००-४०० मुलांवर केलेल्या दोन अभ्यासांतून, २००६ आणि २०१२ साली, ॲट्रोपिनच्या थेंबांनी नंबर वाढण्याचा वेग कमी होतो आणि अगदी सौम्य, ०.०१ टक्क्याच्या, थेंबांचा त्रास खूपच कमी असतो हे पुढे आलं. नंतर हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५ टक्क्याचे थेंब अधिक परिणामकारक ठरले. गंमत म्हणजे ॲट्रोपिन ‘नैसर्गिक’च आहे. महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यात ते असतं. पण धोतरा विषारी आहे, आणि औषध व विष यांतलं अंतर मोजलेल्या मात्रेचंच असतं. झाडाचा रस डोळ्यात घालण्याचा विचारही करू नका.

आणि चष्मा? तो लावल्याने नंबर वाढत नाही. शेजारच्या मलेशियात ९४ मुलांवर झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात निम्म्या मुलांना मुद्दाम थोडा कमी नंबरचा चष्मा दिला होता. त्यांचा नंबर कमी वाढला नाही, उलट जास्त वेगाने वाढला. फळा धूसर दिसणाऱ्या मुलाला चष्म्यावाचून ठेवणं हा काही उपाय नव्हे.

‘चष्माच तर आहे, पुढे लेसर करू’ असंही आपण म्हणतो. लेसरने पारपटलाचा आकार बदलतो, चष्मा जातो, पण डोळा आतून तितकाच लांब आणि त्याचं दृष्टिपटल तितकंच ताणलेलं राहतं. नंबर उणे सहाच्या पुढे गेला की दृष्टिपटल सुटणं, काचबिंदू आणि मध्यभागाची झीज यांचा धोका बराच वाढतो. नंबर एकाने जरी कमी राहिला, तरी मध्यभागाच्या झिजेचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, असा हिशोब २०१९ साली मांडला गेला. तुमचा स्वतःचा नंबर मोठा असेल तर दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. अचानक काळे ठिपके, विजेसारख्या रेघा किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर एक हिशोब आधीच करून ठेवा. भारतातही हे दुखणं आता लांब राहिलेलं नाही. शहरी शाळकरी मुलांमधलं प्रमाण १९९९ मध्ये ४.४ टक्के होतं, २०१९ मध्ये ते २१ टक्क्यांवर गेलं. मुंबईत डिसेंबरात सहालाच सूर्य मावळतो, त्यामुळे पुंगोलची संध्याकाळची सवय तिथे चालणार नाही. पण सकाळी थंडी असते, अंगण असतं आणि पेरू पाडायला लागणारी भावंडं असतात. नाश्ता झाला की सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन आजीकडे ठेवायला द्या.