चारित्र्य पडताळणी : किन्हीराजाचा अर्ज कुठवर जातो?

वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजाचा मुलगा पोलीस भरतीत निवडला गेला, तरी नेमणुकीआधी त्याची चारित्र्य पडताळणी व्हायची असते. साक्षांकन नमुन्यात नेमके प्रश्न असतात : कधी अटक झाली का, खटला चालला का, दंड झाला का? शिवाय, गेल्या पाच वर्षांत जिथे वर्षभराहून जास्त राहिलात, ते सगळे पत्ते. पुण्यात खोली करून राहिलेल्या मुलाची चौकशी म्हणूनच दोन्हीकडे होऊ शकते.

पूर्वी पोलीस ठाण्यातल्या वह्या चाळून अहवाल जाई. आता ‘सीसीटीएनएस’ या संगणकीय जाळ्यामुळे एका ठाण्यातला गुन्हा दुसऱ्या ठाण्यात दिसतो. पण दोघांची नावे सारखी असू शकतात; बोटांचे ठसे सारखे नसतात. असे ठसे जपणारा जगातला पहिला अंगुलिमुद्रा विभाग १८९७ साली कोलकात्यात सुरू झाला. तिथे अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी दहा बोटांच्या ठशांची १,०२४ गटांत विभागणी करणारी गणिती रीत बसवली. हजारो कागदांतून एक माणूस शोधणे त्यामुळे शक्य झाले, आणि पद्धतीला नाव मात्र मिळाले त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे! आज ‘नाफिस’ या ठशांच्या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीत अटक झालेल्याला दहा अंकी क्रमांक मिळतो. पहिले दोन अंक राज्याचे. २०२२ च्या कायद्याने ठशांसारखी मापे ७५ वर्षे जपता येतात.

एवढ्या ताकदीच्या नोंदीला मर्यादा हवीच. १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. त्या अन्यायाची आठवण पडताळणी करणाऱ्या प्रत्येकाने ठेवली पाहिजे.

गुन्हा नोंदला गेला म्हणजे नोकरी गेलीच, असेही नाही. अवतार सिंग खटल्यात २१ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तरुण वयातली घोषणाबाजी किंवा किरकोळ गुन्हा लपवला गेला असला, तरी नियुक्ती करणारे अधिकारी तो माफ करू शकतात. खरे सांगितलेल्या प्रकरणातही योग्यता तपासण्याचा अधिकार त्यांना आहेच. मात्र गंभीर माहिती दडवली, तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.

म्हणून भरतीच्या तयारीतल्या मुलांना कळकळीने सांगणे आहे : गावच्या भांडणात कधी नाव आले असेल, तर निकालाची प्रत न्यायालयातून आधीच काढून ठेवा आणि नमुन्यात खरे तेच लिहा.