व्रतस्थ योद्धा आणि त्याचे सोबती

गेल्या दिवाळींत जालन्यास आमच्या घरीं पुण्याचीं नातवंडें जमलीं होतीं. पाडव्याच्या दुपारीं माजघरांत फांसे भिरकावल्याचा आवाज झाला, आणि आमची अकरा वर्षांची नात डोळे पुशीत स्वयंपाकघरांत आजीच्या मागें जाऊन उभी राहिली. "सणावारीं घरांत भांडण नको, तो तुमचा द्यूताचा पसारा आधीं आवरा," असा सौभाग्यवतींचा हुकूम सुटला. त्या तिथीस द्यूतप्रतिपदा असेंच नांव आहे, हें सांगण्याची ती वेळ नव्हती. चौकशीचें काम अर्थातच आमच्याकडे आलें. छत्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास चौकशी करणें जड जात नाहीं. मात्र या चौकशीच्या शेवटीं आरोपीच्या जागीं आम्हीच उभे राहूं, अशी कल्पना तेव्हां नव्हती.

ज्या घरांत हा खेळ अद्याप शिरला नसेल, त्यांच्याकरितां त्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं रचला व तो १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. यांत पैसा लावीत नाहींत, आणि एकानें दुसऱ्यास हरवावें असेंही नसतें. चारपांच जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलें पात्र घेऊन त्या गोष्टींत शिरतात. "मी ही भिंत चढतों," असें एखाद्यानें म्हटलें कीं वीस पैलूंचा फांसा टाकावयाचा, आणि दान पुरेसें पडलें तर तो चढला असें धरावयाचें. कोंकणांतील दशावतारी मंडळी रंगभूमीवर आयत्या वेळीं संवाद रचतात, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, शेवट कसा होणार हें येथें सूत्रधारासही ठाऊक नसतें. प्रत्येक पात्राचा एक वर्ग ठरलेला असतो: कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, कोणी चोर. त्यांतच 'पॅलाडिन' म्हणून एक वर्ग आहे. पॅलाडिन म्हणजे व्रत घेऊन धर्मासाठीं लढणारा योद्धा.

आमच्या चौदा वर्षांच्या नातवानें हा योद्ध्याचा वर्ग घेतला होता, आणि त्याच्या धाकट्या बहिणीनें चोराचा. गोष्टींत एका किल्ल्यावर निरपराध गांवकरी कोंडले होते. बहिणीनें पहारेकऱ्याच्या कमरेची किल्ली हळूच लांबविली. तिला वाटलें, आतां दादा शाबासकी देईल. दादानें तिला पहारेकऱ्यांच्या स्वाधीन केलें. "आजोबा, मी तरी काय करणार? माझ्या पात्रानें कपट होऊं न देण्याची शपथच घेतली आहे," असें तो अगदीं मनापासून म्हणाला. मुलगा खोटें बोलत नव्हता, हीच यांतली अडचण होती.

आम्हीं त्याच्याकडून या वर्गाची कुळकथा समजून घेतली. हा वर्ग १९७५ सालीं 'ग्रेहॉक' नांवाच्या पुरवणींत प्रथम आला. नांव मात्र जुनें आहे. फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या कथांतील बारा वीरांस पॅलाडिन म्हणत. १९७८ च्या नियमपुस्तकांत त्याला हस्तस्पर्शानें जखमा बऱ्या करण्याची शक्ति, रोगांपासून अभय, आणि दुष्टांचा सुगावा लागण्याची सिद्धि दिली आहे. मोबदल्यांत बंधनेंही कडक आहेत. जादूच्या वस्तु दहांहून अधिक बाळगावयाच्या नाहींत, उत्पन्नाचा दशांश धर्मकार्यास द्यावयाचा, सोबत सज्जनांचीच धरावयाची, आणि जाणूनबुजून एक जरी दुष्कृत्य झालें तरी सर्व सिद्धि कायमची गेली, असा तो नियम. २०१४ सालीं पांचवी आवृत्ति निघाली, तींत ही कडक शिस्त सैल करून निरनिराळ्या शपथा दिल्या आहेत, आणि शपथ मोडणाऱ्यास रात्रभर जागून प्रार्थना, उपवास अशीं प्रायश्चित्तें सुचविलीं आहेत.

हें ऐकतां ऐकतां आमच्या मनांत महाभारत जागें झालें, कारण हा प्रश्न व्यासांनीं कधींच हाताळून ठेविला आहे. कर्णानें खोटें कुल सांगून परशुरामापासून अस्त्र मिळविलें. तें ऐन मरणाच्या वेळीं त्याला आठवेनासें झालें. युधिष्ठिराचा रथ सत्याच्या बळावर भूमीपासून चार अंगुळें वर चाले. अश्वत्थाम्याविषयीं तो संदिग्ध बोलला आणि रथ जमिनीस टेकला. खालीं आला तो त्याचाच रथ. भावांचे रथ होते तेथेंच होते. उलट अश्वत्थामा पाहावा. त्यानें व अर्जुनानें एकमेकांवर महास्त्रें सोडलीं, तेव्हां नारद व व्यास मधें उभे राहिले. अर्जुनानें आपलें अस्त्र परत घेतलें, कारण त्याचें व्रत शाबूत होतें. अश्वत्थाम्यास तें जमेना, आणि त्यानें तें उत्तरेच्या गर्भावर लोटलें. व्रत उणें याचें, आणि आघात न जन्मलेल्या जिवावर!

हें वाक्य आम्ही नातवास ऐकवीत होतों, आणि तोंडांतला शब्द तोंडांतच राहिला. नोकरीच्या चौथ्या वर्षीं, एका खेड्यांतील शाळेंत, वार्षिक परीक्षेच्या वेळीं एका मुलाच्या खिशांत आम्हांस चिठी सांपडली. त्यानें ती उघडली नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "दुसरा कागद देऊन बसवा." आम्हीं ऐकलें नाहीं. परीक्षेंत कपट खपवून घेणार नाहीं, असें आमचें व्रत होतें, व त्याचा आम्हांस अभिमान होता. मुलगा जूनमध्यें शाळेंत आला नाहीं. बारा वर्षांनीं तो जालन्याच्या मोंढ्यांत पाठीवर पोतें घेतलेला दिसला. पोतें खालीं ठेवून त्यानें "नमस्कार, गुरुजी," म्हटलें. व्रत आम्हीं पाळलें. त्याची किंमत मात्र त्यानें दिली. ही हकीकत आम्हीं नातवास सांगितली. घरांत ती यापूर्वीं कोणास ठाऊक नव्हती.

तो बराच वेळ गप्प बसला. मग वही काढून म्हणाला, "आजोबा, आपण हा वर्गच नव्यानें लिहूं." त्या रात्रीं आम्हां दोघांनीं जे नियम ठरविले ते असे. पहिला, योद्ध्याचें व्रत त्याच्यापुरतें असावें. "मी कपट करणार नाहीं," हें व्रत झालें. "कोणास करूं देणार नाहीं," ही शिरजोरी झाली. दुसरा, त्याच्या पुण्याईचीं चार अंगुळें मोजावीं; प्रत्येक व्रतभंगास एक अंगूळ उतरावें, आणि तें परत चढावयाचें तर प्रायश्चित्त सोबत्यांनीं सांगावें. तिसरा, अस्त्र सोडणें साध्या दानावर व्हावें, पण परत घेणें चारही अंगुळें पुरीं असतील तरच साधावें.

चौथा नियम नातवाचा. वसुबारसेस आम्ही सर्व मंडळी घनसावंगी तालुक्यांतील जांब येथें जाऊन आलों होतों. समर्थ रामदासांचा जन्म तेथें १६०८ सालीं रामनवमीस झाला. समर्थांनीं स्थापिलेले अकरा मारुति आज सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत आहेत, असें वाटेंत आम्हीं सांगितलें, तेव्हां त्यानें विचारलें होतें, "इतक्या बलवान् मारुतीला समुद्रकांठीं जांबुवंतानें आठवण कां द्यावी लागली?" लहानपणीं ऋषींस त्रास दिल्यामुळें, कोणी आठवण दिल्याखेरीज आपलें बळ त्याला उमगूं नये असा त्यांचा शाप होता, हें आम्हीं तेव्हांच सांगितलें होतें. त्यावरून त्यानें लिहिलें: योद्ध्याची सर्वांत मोठी शक्ति त्याला स्वतः वापरतां येऊं नये, एखाद्या सोबत्यानें त्याचें पूर्वींचें सत्कृत्य बोलून दाखविलें तरच ती जागी व्हावी. ज्याच्याविषयीं सोबत्यांस सांगण्यासारखें कांहीं नाहीं, तो योद्धा किल्ल्याच्या दारांतच अडकावा, हें आम्हांस फार न्यायाचें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं ओवाळणी झाल्यावर खेळ पुन्हां मांडला. आजीही दाराशीं पाट घेऊन बसल्या. योद्ध्यानें बंदीखान्यांत जाऊन चोराची सुटका केली खरी, पण निघतांना तो स्वतःच शत्रूंच्या गराड्यांत सांपडला. आतां त्याची शक्ति जागविणें बहिणीच्या हातीं होतें. सगळे तिच्याकडे पाहूं लागले. तिनें बराच वेळ घेतला. फांसा हातांत फिरविला, दादाकडे पाहिलें, पुन्हां फांसा फिरविला. "तूं माझ्यासाठीं परत आलास," ती शेवटीं म्हणाली. दान किती पडलें हें आम्हांस दिसलें नाहीं. चष्मा पुसावयाचा होता.