भाडोत्री आणि शिलेदार : विनोदी साहसकादंबऱ्यांतील विजोड पथकांचे वाचन

प्रस्तावना

इंग्रजीतील अद्भुतरम्य कादंबरी आणि विज्ञानकादंबरी यांच्या विस्तृत क्षेत्रात एक वाचकप्रिय उपप्रकार आढळतो. पैसे घेऊन लढणारे एखादे पथक, त्यात समाजात कुठेच न सामावलेली माणसे, पानोपानी हाणामारी आणि त्याच पानांवर भरपूर विनोद, असे त्याचे ढोबळ स्वरूप असते. अशा लेखनाची गणना बहुधा वेळ घालविण्याच्या वाचनात होते. विद्यार्थ्याच्या हातात असे पुस्तक दिसले, तर अध्यापकाची प्रतिक्रिया फारशी कौतुकाची नसते. तथापि या कादंबऱ्या एक अवघड प्रश्न हाताळतात. जो माणूस मोबदल्यासाठी शस्त्र उचलतो, त्याच्याविषयी वाचकाला जिव्हाळा का वाटावा? या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात रॉबर्ट अ‍ॅस्प्रिन यांची 'फूल्स कंपनी' (१९९०) ही विज्ञानकादंबरी आणि निकोलस ईम्स यांची 'किंग्ज ऑफ द वाइल्ड' (२०१७) ही अद्भुतरम्य कादंबरी यांचा विचार केला आहे.

संज्ञांचा इतिहास

मराठीत 'भाडोत्री' हे विशेषण निंदाव्यंजक आहे. भाडोत्री सैनिक, भाडोत्री मारेकरी, भाडोत्री लेखक यांपैकी कोणताही शब्दप्रयोग आदराने केला जात नाही. 'गारदी' या शब्दामागे तर इतिहासाचे ओझे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला आणि हा शब्द विश्वासघाताशी कायमचा जोडला गेला. परंतु त्यापूर्वी अवघी बारा वर्षे, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने उभा राहिलेला इब्राहिमखान गारदी हाही पगारी कवायती फौजेचाच सरदार होता. पूर्वी निजामाच्या चाकरीत असलेल्या या सरदाराने पानिपतावर मराठ्यांची साथ सोडली नाही. तो कैद झाला व मारला गेला.

याउलट 'शिलेदार' हा शब्द आजही गौरवाने वापरला जातो. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा स्वार. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिराहून तो वेगळा असला, तरी चाकरी तोही वेतनासाठीच करीत असे. तरीसुद्धा आजच्या मराठीत शिलेदार म्हणजे संकटात पाठीशी उभा राहणारा विश्वासू सहकारी. यावरून असे दिसते, की भाषेने निवाडा करताना वेतन घेतले की नाही एवढेच पाहिलेले नाही. शेवटी कोण कोणाजवळ उभा राहिला, हेही तिने पाहिले आहे. 'खाल्ल्या मिठाला जागणे' या वाक्प्रचारातही मीठ, म्हणजे मोबदला, गृहीत धरलेलाच आहे. या उपप्रकारातील कादंबऱ्यांचे मर्म समजून घेण्यास हा भेद उपयोगी पडतो.

पूर्वपरंपरा

पाश्चात्त्य परंपरेतही भाडोत्री सैनिकाकडे संशयाने पाहिले गेले आहे. मॅकियाव्हेली यांनी 'द प्रिन्स'मध्ये अशा फौजांवर विसंबणाऱ्या राजाला स्पष्ट इशारा दिला आहे. परंतु त्याच परंपरेच्या प्रारंभकाळात झेनोफनचे 'अ‍ॅनाबेसिस' उभे आहे. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये धाकट्या सायरसने सुमारे दहा हजार ग्रीक सैनिक मोलाने आणले. क्युनाक्साच्या लढाईत सायरस मारला गेला आणि पगार देणाराच उरला नाही. तरीही हे सैनिक एकत्र राहिले व शत्रूच्या मुलखातून वाट काढीत काळ्या समुद्रापर्यंत पोहोचले. मालक नाहीसा होतो, करार संपतो, तरी पथक टिकते, हा कथाबंध तेव्हापासून चालत आला आहे.

विज्ञानकादंबरीत त्याला विनोदाची जोड मिळण्यामागे युद्धगौरवाविषयीचा अविश्वास हे एक कारण आहे. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) मधील सैनिकी आदर्शाची हॅरी हॅरिसन यांनी 'बिल, द गॅलॅक्टिक हिरो' (१९६५) मध्ये खिल्ली उडविली. त्यांचा नायक फसवून भरती केलेला शेतकऱ्याचा मुलगा आहे. अखेरीस आपल्या चाकरीची मुदत थोडी कमी व्हावी म्हणून तो स्वतःच्या भावाला भरतीच्या जाळ्यात ओढतो. हा विनोद बोचरा आहे. अद्भुतरम्य कादंबरीत ग्लेन कुक यांच्या 'द ब्लॅक कंपनी' (१९८४) ने भाडोत्री पथकाचा वृत्तांत पथकाच्या वैद्याच्या तोंडून सांगितला. काळोख्या कथानकात दोन जादूगारांची एकमेकांवरील कुरघोडी तेवढी हसविते. पुढील लेखकांपुढे हे दोन्ही नमुने होते.

'फूल्स कंपनी' : विदूषकाची तुकडी

अ‍ॅस्प्रिन यांच्या कादंबरीच्या नावापाशीच मराठी वाचक क्षणभर अडखळतो. नायकाचे आडनाव रोमन लिपीत मराठीतील 'फुले' या आडनावासारखेच लिहिले जाते. इंग्रजीत मात्र त्याचा उच्चार मूर्ख या अर्थाच्या 'फूल' शब्दासारखा होतो. शब्दाचे लेखन व उच्चार यांतील हे अंतर हाच पहिला विनोद आहे आणि तो अनुवादात टिकविणे जवळजवळ अशक्य आहे.

विलार्ड फूल हा शस्त्रास्त्रे बनविणाऱ्या धनाढ्य घराण्याचा वारस 'स्पेस लीजन'मध्ये अधिकारी आहे. १८३१ साली स्थापन झालेल्या फ्रान्सच्या फॉरेन लीजनची छाया या दलावर स्पष्ट दिसते. दाखल होणारा जुने नाव टाकून नवे घेतो आणि त्याच्या भूतकाळाची चौकशी होत नाही. फूलने घेतलेले नाव 'जेस्टर', म्हणजे विदूषक. शांतता-करारावर सह्या होत असतानाच तेथे हल्ला करण्याचा हुकूम देऊन बसल्यामुळे त्याच्यावर लष्करी खटला चालतो. धनिक पित्याच्या पुत्राला काढून टाकणे सोयीचे नसल्याने त्याला बढती देऊन एका दूरच्या ग्रहावर 'ओमेगा' तुकडीचा प्रमुख म्हणून पाठविले जाते. जे कुठेच नको असतात, त्यांना या तुकडीत टाकलेले असते. दलदलीत काम करणाऱ्या खाणकामगारांचे रक्षण करणे, एवढेच तिचे काम.

फूल या माणसांना सुधारू पाहत नाही. तो परस्परविरुद्ध स्वभावाच्या व शरीरयष्टीच्या व्यक्तींच्या जोड्या लावतो. सतत भांडणे उकरून काढणारी एक चिमुकली स्त्री आणि रानडुकरासारखा दिसणारा, वाचनाचा नाद असलेला एक परग्रहवासी अशी एक जोडी जमते. एकाची उणीव दुसऱ्याच्या गुणाने भरून निघते, हे सूत्र अध्यापकांना अपरिचित नसावे. निवेदनाची योजनाही लक्षणीय आहे. प्रकरणांच्या आरंभी फूलचा खासगी सेवक बीकर याच्या रोजनिशीतील नोंदी येतात. सेवकाच्या अतिशय सभ्य, कोरड्या भाषेतून हा गोंधळ पाहिल्यामुळे वीररसाला फुगण्यास वावच राहत नाही.

'किंग्ज ऑफ द वाइल्ड' : उतारवयातील वीर

ईम्स यांनी भाडोत्री पथकांना रॉक संगीताच्या वाद्यवृंदांचे रूप दिले आहे. पथकाला नाव असते, चाहते असतात, एक आघाडीचा नायक असतो आणि कामे मिळवून देऊन आपला वाटा घेणारा दलाल असतो. 'सागा' नावाचे एकेकाळचे नामांकित पथक आता विखुरले आहे. गॅब्रिएलची मुलगी रोझ वेढा पडलेल्या दूरच्या शहरात अडकते, तेव्हा तो जुन्या सोबत्याच्या, क्ले कूपरच्या, दाराशी येतो. क्ले प्रथम नकार देतो. परंतु त्यालाही लहान मुलगी आहे आणि तो निघतो. या मोहिमेत मोबदल्याची बोली नाही.

पुढचा विनोद बहुतांशी वयाचा आहे. माणसे जाड झाली आहेत, पाठी दुखतात, एक राजा होऊन व्यसनाधीन झाला आहे आणि त्याची राणीच त्याच्या जिवावर उठली आहे. वाटेत लुटारू स्त्रियांची टोळी या नामांकित वीरांना लुटते. परंतु याच पात्रांच्या जखमा खोल आहेत. जादूगार मूग याचा जोडीदार एका असाध्य रोगाने गेला असून तो त्या रोगावर औषध शोधीत राहिला आहे. गॅनेलन या सोबत्याला शिक्षा म्हणून दगड करण्यात आले, तेव्हा इतरांनी ते होऊ दिले. त्याला पुन्हा जागे करताना मैत्रीचा हिशेबही चुकता करावा लागतो. लढवय्यांना बाजारू तारे बनविणारी दलाली आणि मोबदल्याविना पाळलेला शब्द यांतील विरोध कादंबरीचा कणा ठरतो.

विनोदाचे कार्य आणि मर्यादा

कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य निर्माण होऊ शकते, असे अभिनवगुप्तांचे प्रतिपादन आहे. येथे वीररसाचा आभास हास्याला जन्म देतो. वाचक प्रथम या माणसांच्या फजितीला हसतो. हसताना त्यांच्यावर नैतिक निवाडा करण्याची त्याची घाई ओसरते आणि पुढे संकटाच्या क्षणी ती एकमेकांना सोडून जात नाहीत, तेव्हा त्याच हास्याचे रूपांतर आदरात होते. भाडोत्री म्हणून ओळख झालेले पात्र वाचकाच्या मनात शिलेदार होते. विनोद वगळला, तर हा प्रवास एक तर भाबडा वाटेल, नाही तर अविश्वसनीय.

मात्र हाच विनोद काही गोष्टी झाकतोही. फूलच्या पुष्कळशा अडचणी अमाप पैशाने सुटतात आणि तो पैसा शस्त्रविक्रीतून आलेला आहे, ही बाब थट्टेच्याच पातळीवर राहते. हाणामारी रंजक असली, की मरणाऱ्यांची संख्या वाचकाच्या लक्षात राहत नाही. ईम्स यांना या दोषाची जाणीव असल्याचे दिसते. पुढील 'ब्लडी रोझ' (२०१८) या कादंबरीत कैद केलेल्या प्राण्यांना आखाड्यात मारून मिळविलेली कीर्ती किती पोकळ असते, हा प्रश्न अधिक स्पष्टपणे येतो. वाचकाने आपण नेमके कोणाच्या मरणाला टाळी देत आहोत हे तपासावे, अशी अपेक्षा तेथे निर्माण होते.

समारोप

विजोड पथकांच्या या कादंबऱ्या थोर साहित्यकृती आहेत, असा दावा करण्याचे कारण नाही. तथापि निष्ठा ध्येयाशी, मालकाशी की सोबत्याशी, हा प्रश्न त्या वाचकाला हसत हसत विचारतात. वर्गात 'भाडोत्री', 'गारदी' आणि 'शिलेदार' या तीन शब्दांपासून चर्चा सुरू करून या कादंबऱ्यांपर्यंत जाता येईल आणि तेथून पुन्हा आपल्या इतिहासाकडे वळता येईल. इब्राहिमखानाचे स्मरण आणि नारायणरावांच्या मारेकऱ्यांचे स्मरण ज्या एका शब्दात शेजारी शेजारी नांदते, त्या शब्दाकडे विद्यार्थी मग अधिक सावधपणे पाहील. आणि मागील बाकावर मांडीवर लपवून ठेवलेल्या त्या पुस्तकाकडे अध्यापकही जरा वेगळ्या नजरेने पाहू लागतील.