देवनागरी खिळ्यांची हकीकत

छापील पुस्तक हातीं घेतलें म्हणजे आपण त्यांतील मजकूर वाचतों; अक्षरांच्या आकाराकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु तें प्रत्येक अक्षर कोणी तरी कोरलें, कोणी तरी ओतलें व कोणी तरी जुळविलें, तेव्हां कोठें मराठी पुस्तक गरिबाच्या घरांत शिरलें. ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं जाणावी, असें आम्हांस वाटतें.

हिंदुस्थानांत पहिला छापखाना इ. स. १५५६ मध्यें गोव्यास आला. पुढें फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइट पाद्र्यानें मराठी ओव्यांत रचिलेलें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापून निघालें. भाषा आपली, छंद आपला. पण लिपि मात्र रोमन! कारण देवनागरी खिळे हाताशीं नव्हते. १६७४ सालीं भीमजी पारेख ह्या गुजराती व्यापाऱ्याच्या खटपटीनें विलायतेहून एक मुद्रक मुंबईस आला. पण त्यास छापण्याची विद्या येत होती, अक्षरें कोरण्याची नव्हे. यंत्र होतें, माणूस होता. अडलें तें अक्षरापाशीं.

अक्षर एवढें कां अडावें, हें समजण्यास खिळा कसा होतो तें पाहिलें पाहिजे. प्रथम पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटें कोरतात. हा ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे त्यांत अक्षराची सुलट, खोलगट आकृति उमटते. ती साच्यांत बसवून वर शिसें, कथील व अँटिमनी ह्यांचा वितळलेला रस ओतला, कीं खिळा तयार झाला. एका ठशापासून हजारों खिळे निघतात. परंतु मूळ ठसा एकाच माणसास, भिंगांतून पाहून व कानशीनें घासून, हातानें करावा लागतो. त्यांत केसभर वांकडेपणा राहिला, तर तो प्रत्येक प्रतींत राहतो.

त्यांतून आपली लिपि रोमनसारखी एका ओळींत मुकाट्यानें बसणारी नव्हे. 'मूर्ति' हा शब्द घ्या. ऊकार खालीं लोंबतो. रफार उच्चारांत अगोदर, पण चढतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. पहिली वेलांटी उच्चारांत मागून येते, पण लिहितांना अक्षराच्या आधीं उभी राहते. जोडाक्षरांचे आकार तर निराळेच. म्हणून मराठी जुळाऱ्यास शेकडों घरांच्या पेट्यांपुढें उभें राहावें लागे.

हें अवघड काम बंगाल्यांत सेरामपूर येथें विल्यम कॅरी ह्यांच्या छापखान्यांत साधलें. तेथें पंचानन कर्मकार नांवाच्या लोहार जातीच्या कारागिरानें देवनागरी ठसे कोरले, आणि १८०५ सालीं कॅरी ह्यांचें मराठी व्याकरण निघालें. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम ह्यांनीं सुबक खिळे केले. गणपत कृष्णाजी ह्यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग काढलें व पुढें स्वतःचे खिळेही पाडले.

जावजी दादाजी ह्यांची गोष्ट मुलांनीं विशेष लक्षांत ठेवावी. बालवयांतच ते मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामास लागले. त्याच मुलानें मोठेपणीं १८६४ सालीं स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना स्थापिला. राणोजी रावजी आरू ह्यांनीं कोरलेल्या ठशांमुळें त्या छापखान्याची अक्षरें नमुना म्हणून गणलीं गेलीं. खिळे घासणें हें हलकें काम खरें. पण अक्षराचें वळण बोटांस कळतें तें अशाच कामांत.

विसाव्या शतकांत जुळणीचीं यंत्रें व टंकलेखक आले. त्यांच्या कळा थोड्या, आपलीं अक्षरें फार. तेव्हां लिपीनेंच नमावें, असें पुष्कळांस वाटलें. लोकमान्य टिळकांनीं खिळ्यांची संख्या कमी करण्याचा यत्न केला; सावरकरांनीं इ, ई, उ, ऊ सोडून 'अ' चीच बाराखडी लिहावी, असें सुचविलें. ह्या थोर पुरुषांचा हेतु चांगलाच होता. मराठीचें मुद्रण मागें राहूं नये, ही त्यांची तळमळ होती. परंतु पुढें नमलें तें यंत्र! संगणकानें ऊकार, रफार, वेलांटी कोठें बसवावी हे नियमच आत्मसात् केले. र. कृ. जोशी ह्या मराठी अक्षरकारानें घडविलेला 'मंगल' टाइप संगणकावाटे घरोघर गेला, आणि आतां लहान मूलही 'मूर्ति' हा शब्द क्षणांत उमटवितें.

ह्यावरून आम्ही एवढेंच म्हणूं कीं, यंत्राची अडचण ती आजची असते, लिपि पिढ्यांची असते. आजच्या अडचणीसाठीं पिढ्यांचें धन घाईनें मोडूं नये. तसेंच, अडचण दूर करण्यास कोणी तरी कष्टानें झटावें लागतें, हेंही विसरूं नये. ज्या भाषेस स्वतःचे खिळे नसतात, तिला परक्या अक्षरांत वावरावें लागतें. विद्यार्थ्यांनों, तुमच्या वहींतील वळणदार अक्षर हें त्याच धनाचें राखण आहे. तें निष्काळजीपणानें लिहूं नका.