याहून बरं उत्तर नाहीच, कशावरून?

सी. ए. हॅवर्ली यांनी १९७८ मध्ये तेलमिश्रणाचा एक छोटा हिशेब मांडला. कच्चा माल तीन प्रकारचा: ३ टक्के गंधकाचा ६ डॉलरना, १ टक्क्याचा १६ ला, २ टक्क्यांचा १० ला. पहिले दोन एकाच टाकीत मिसळायचे, तिसरा थेट. विक्रीला दोन जाती: २.५ टक्क्यांपर्यंत गंधक चालणारी, भाव ९, मागणी १००, आणि १.५ टक्क्यांची, भाव १५, मागणी २००.

टाकीत नुसता स्वस्त माल भरला, तिसऱ्याशी निम्मानिम्मा मिसळून हलकी जात विकली, की नफा १००. प्रमाण जरा हलवा, नफा घटतो. टाकीत दोन्ही माल सारखे केले तर काहीच विकणं परवडत नाही, नफा शून्य. पण टाकीत फक्त महाग माल घेतला आणि तोही तिसऱ्याशी निम्मानिम्मा मिसळला, तर भारी जातीवर ४०० सुटतात. पावलापावलाने सुधारत जाणारा मध्येच शून्य बघून परत फिरणार. गोम आहे ती गुणाकारात: टाकीतलं गंधकाचं प्रमाण आणि तिथून निघणारं तेल, दोन्ही अज्ञात. त्यात नवी नळी टाकायची की नाही, हा हो-नाहीचा प्रश्न आला की गुंता पुरा झाला.

हो-नाहीवरचा उपाय आधीच सापडला होता, तोही तेलाच्याच पैशावर. ब्रिटिश पेट्रोलियमच्या मदतीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी १९६० मध्ये तो छापला. प्रश्नाच्या फांद्या करायच्या. प्रत्येक फांदीवर जास्तीत जास्त किती मिळेल याची वरची मर्यादा काढायची. ती हातातल्या उत्तरापेक्षा कमी भरली, की फांदी न चढताच छाटायची. ‘ब्रांच अँड बाउंड’ हे नाव नंतरचं.

गुणाकाराला मर्यादा घातली गार्थ मॅकॉर्मिक यांनी, १९७६ मध्ये. क्ष आणि य दोन्ही ० ते २ मध्ये असतील, तर त्यांच्या गुणाकाराभोवती चार सपाट पृष्ठं उभी करता येतात. मधोमध, जिथे खरं उत्तर १, तिथे ती ० ते २ एवढी सैल असतात. दोन्ही पट्टे निम्मे केले की ही सैलाई चौथाईवर येते. मात्र चौकटीही चार होतात! सर्वोत्तम उत्तराची खात्री देऊ पाहणाऱ्या या शास्त्राची सगळी रडकथा या एका वाक्यात आली.

निकोलस साहिनिडिस यांचा ‘बॅरन’, प्रिन्स्टनमध्ये फ्लूडास यांच्या गटाने रचलेला ‘अल्फा-बीबी’, बर्लिनच्या झूझे इन्स्टिट्यूटचा ‘स्किप’ हे सगळे सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारे प्रोग्रॅम, याच पायावर उभे आहेत. नैसर्गिक निवडीची नक्कल करणाऱ्या झटपट पद्धतींचा बोलबाला जास्त. त्या उत्तर चांगलं देतातही, पण किती चांगलं ते सांगत नाहीत. इथे उत्तराबरोबर ‘गॅप’ येते. नफा ३८०, वरची मर्यादा ४००, म्हणजे फार तर २० हुकतील. मला उत्तरापेक्षा हा आकडा मोलाचा वाटतो.

चलांना सीमा नसतील तर मात्र हात टेकावे लागतात: पूर्णांक चल आणि वर्गपदं असलेले असे सगळे प्रश्न सोडवणारी एकच पद्धत असूच शकत नाही, हे रॉबर्ट जेरोस्लो यांनी १९७३ मध्येच दाखवलं. म्हणून जाणकार मंडळी यंत्रावर चिडण्याआधी सीमा आवळतात. टाकीच्या प्रश्नात तर ‘टाकीत आलेल्या मालांचे वाटे मिळून एक’ हे उघड समीकरण प्रत्येक बाहेर जाणाऱ्या प्रवाहाने गुणून पुन्हा लिहितात. नवी माहिती शून्य. पण वरची मर्यादा झपाट्याने खाली येते.